लिनक्सवरील छपाई : दोष कोठे शोधावा?

कागदावर एक ओळ उमटविणे हे संगणकाचे अगदी साधे काम आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः पडद्यावरील मजकूर कागदावर येईपर्यंत अनेक हातांतून जातो. आणि त्यांतील प्रत्येक हात आपापल्या परीने निर्दोष असूनही कागद कोराच बाहेर पडू शकतो. युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स ही प्रणाली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केली. पहिल्या दशकात ही प्रणाली वापरणाऱ्या अनेकांपुढे छपाईचा प्रश्न उभा राही आणि ‘ड्रायव्हर बिघडला’ एवढेच निदान करून ते थांबत. हे निदान अपुरे का होते आणि खरा दोष कसा सापडे, हे समजण्यासाठी प्रथम मजकुराचा मार्ग पाहिला पाहिजे.

मजकुराचा मार्ग

प्रिंटर हे संगणकाच्या मानाने फार मंद यंत्र आहे. त्याच्यासाठी इतर कामे खोळंबू नयेत आणि दोघांचे मजकूर एकाच कागदावर मिसळू नयेत, म्हणून मजकूर प्रथम रांगेत ठेवावा लागतो. हे काम एलपीआर ही आज्ञा करी. ती मजकुराची प्रत ‘स्पूल’ नावाच्या निर्देशिकेत ठेवी. एलपीडी हा पडद्यामागे सतत चालू असणारा प्रोग्रॅम त्या रांगेतील कामे क्रमाने उचली. कोणत्या प्रिंटरला काय आणि कसे पाठवावयाचे, हे तो प्रिंटकॅप या फाईलमध्ये पाही. ही व्यवस्था कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्सकडून आलेली होती.

यानंतर मजकूर ‘फिल्टर’मधून जाई. युनिक्सवरील बहुतेक प्रोग्रॅम पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेत मजकूर देत; परंतु ही भाषा जाणणारे प्रिंटर महाग असत. स्वस्त प्रिंटरसाठी घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम त्या वर्णनाचे रूपांतर प्रिंटरला समजणाऱ्या संकेतांत करी. अखेरीस प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, ते संकेत पोर्ट आणि केबल यांमार्गे प्रिंटरकडे पोहोचवी.

एका नावाचे दोन ड्रायव्हर

येथे एक गोष्ट ध्यानात येते. ‘ड्रायव्हर’ या एकाच नावाने दोन निरनिराळी कामे ओळखली जात. कर्नेलमधील ड्रायव्हर केवळ पोर्ट जाणे. प्रिंटर तयार आहे काय, कागद संपला आहे काय, एवढे पाहून तो एकेक अक्षर पुढे ढकली. अक्षरांच्या अर्थाशी त्याला कर्तव्य नसे. दुसरा ड्रायव्हर घोस्टस्क्रिप्टमध्ये असे. त्याला प्रिंटरची भाषा येई, परंतु पोर्टची काहीच माहिती नसे. पहिला टपाल पोहोचविणारा, तर दुसरा पत्राचे भाषांतर करणारा. पत्र पोहोचलेच नाही तर भाषांतरकारास दोष देऊन उपयोग नाही. आणि पोहोचलेले पत्र वाचता आले नाही तर टपालवाला निर्दोष ठरतो. निदानाचे सारे मर्म या भेदात आहे.

खालून वर

म्हणून तपासणी प्रिंटरपासून आरंभून वर जाणे श्रेयस्कर असे. बहुतेक प्रिंटरमध्ये संगणकाच्या साहाय्यावाचून नमुना-पान छापण्याची सोय असते. ते पान आले, की यंत्र ठीक आहे हे निश्चित होई. मग डीमेसेज या आज्ञेने कर्नेलचे संदेश वाचून पोर्ट सापडले आहे काय ते पाहावयाचे. युनिक्समध्ये उपकरणेही फाईलच्या रूपाने दिसतात. प्रिंटरची फाईल डेव्ह या निर्देशिकेत असे. रांग आणि फिल्टर यांना वगळून थोडा साधा मजकूर थेट त्या फाईलमध्ये लिहिला आणि तो छापला गेला, तर कर्नेल, केबल व प्रिंटर ही तिन्ही एकदम निर्दोष ठरत. मग दोष उरे तो वरच्या भागात.

या परीक्षेस दोन अपवाद होते. लेझर प्रिंटर पूर्ण पान हाती आल्याशिवाय सहसा छापत नाही. त्याला पान संपल्याचा १२ क्रमांकाचा संकेत द्यावा लागे. तसेच विंडोज प्रणालीवरच विसंबून बनविलेल्या काही स्वस्त प्रिंटरांना साधी अक्षरेही कळत नसत. अशांच्या बाबतीत मौन हा केबलचा दोष मानता येत नसे.

लक्षणे आणि कारणे

बहुतेक दोष कागदावरच आपली खूण ठेवीत. ओळी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उजवीकडे सरकत गेल्या, तर कारण ओळीच्या शेवटच्या संकेतात असे. जुन्या टेलिप्रिंटरांत ओळ संपताना दोन हालचाली होत : छपाईचा भाग डाव्या कडेस परत येणे, हा १३ क्रमांकाचा संकेत, आणि कागद एक ओळ वर सरकणे, हा १० क्रमांकाचा. युनिक्सने फाईलमध्ये केवळ दुसरा संकेत ठेवला. पहिल्याची अपेक्षा बाळगणारा प्रिंटर कागद सरकवी, परंतु डावीकडे परत येत नसे. फिल्टरने प्रत्येक १० पूर्वी १३ घातला, की पायऱ्या नाहीशा होत.

टक्केवारीचे चिन्ह आणि उद्गारचिन्ह यांनी आरंभ होणारी अगम्य आज्ञांची पानेच्या पाने बाहेर पडली, तर पोस्टस्क्रिप्ट मजकूर भाषांतरावाचून प्रिंटरकडे गेला आहे, हे उघड होई. मोठे चित्र अर्ध्यावर तुटले, तर प्रिंटकॅपमधील आकारमर्यादा पाहावी लागे. ती स्पष्ट दिली नसेल तर १,००० ठोकळ्यांची धरली जाई; तेथे शून्य लिहिले म्हणजे मर्यादा उठे.

सर्वांत चकविणारा दोष क्रमांकाचा होता. जुन्या लिनक्समध्ये प्रिंटरच्या फाईलचा क्रमांक पोर्टच्या पत्त्याशी बांधलेला असे. शून्य क्रमांक एका जुन्या पत्त्यासाठी राखलेला असल्याने बहुतेक संगणकांतील एकुलते एक पोर्ट ‘एलपी १’ ठरे. जानेवारी १९९९ मधील २.२ या कर्नेलपासून पोर्ट सापडतील त्या क्रमाने त्यांना क्रमांक मिळू लागले आणि तेच पोर्ट ‘एलपी ०’ झाले. प्रिंटकॅपमध्ये मात्र जुनेच नाव राहिल्याने, काहीही न मोडता छपाई थांबे.

उघड्या यंत्राचे महत्त्व

अशी तपासणी शक्य झाली, कारण मार्गातील प्रत्येक टप्पा वाचण्यास व बदलण्यास खुला होता. हा खुलेपणा आपोआप आलेला नव्हता. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना, कागद अडकताच सूचना मिळावी म्हणून, एका लेझर प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करावयाची होती. त्याचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालीसाठी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला, त्यामागील अनुभवांत याचीही गणना होते.

बहुतेक लिनक्स प्रणालींत आता एलपीडीची जागा १९९९ मध्ये अवतरलेल्या कप्स या व्यवस्थेने घेतली आहे आणि समांतर पोर्टही दुर्मिळ झाले आहे. तथापि रांग, भाषांतर आणि पोहोच हे टप्पे कप्समध्येही आहेत. म्हणून कागद कोरा आला असता ड्रायव्हर बदलण्यापूर्वी, मजकूर कोणत्या टप्प्यापर्यंत सुखरूप पोहोचला, हे प्रथम पाहावे.