नानीची गाणी आणि जुना संगणक

आमच्या घरच्या संगणकाचे वय पंधरा वर्षे, रॅम एक जीबी. नानीने गायलेली हळदीची बावीस गाणी त्यातच आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेली. नानी आता नाही. गेल्या ईदला मंडळी जमली, कुणीतरी म्हणाले, "नानीला लावा ना." नव्या थाटाचा प्लेअर उघडेपर्यंत चहा निवला, आणि आवाज आला तोही अडखळत. दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, भंगारात द्या."

आम्हांला ते पटेना. हिशेब पाहा. सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, तेही डावे-उजवे वेगळे. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. १२८ किलोबिटची एमपी-थ्री याचा अकरावा हिस्सा, मिनिटाला जेमतेम एक एमबी. १९९७ साली विनॅम्प आला तेव्हाची पेंटियम यंत्रे आमच्या संगणकापेक्षा कितीतरी दुबळी होती, तरी गाणी वाजवीत. ओझे गाण्याचे नव्हेच. मुखपृष्ठांची चित्रे, सगळी डिस्क चाळणे, इंटरनेटशी सतत बोलणे, यांचे आहे.

म्हणून आम्ही ऑडेशियस घेतला. विनॅम्पच्या धर्तीवर लिनक्ससाठी एक्सएमएमएस झाला, त्यातून बीप मीडिया प्लेअर आणि त्यातून २००५ साली हा. मोफत आहे. हवा तर विनॅम्पचा जुना पोशाखही चढवतो. त्याची आजची आवृत्ती एक्सपीवर चालत नाही. आणि एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ लाच थांबली, तेव्हा त्यावर इंटरनेट जोडणेही बरे नव्हे. आम्ही जुन्या यंत्रांसाठीची अँटीएक्स ही लिनक्स बसवली. त्याआधी गाणी दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवली. वाचकांनी ही पायरी कृपया गाळू नये, बसवताना डिस्क पुसली जाऊ शकते. अँटीएक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. आवाज येतो का, तेवढे तपासावे.

आता प्लेअर क्लिक करताच उघडतो. इक्वलायझरच्या उजवीकडच्या पट्ट्या थोड्या खाली ओढल्या, तर कॅसेटची खरखर कमी झाली. फार ओढल्या तेव्हा नानीच्या बांगड्याही गेल्या, म्हणून पुन्हा वर घेतल्या. गाण्यांमधली शांतता कापणारी सोयही यात आहे. ती आम्ही बंदच ठेवली आहे. सातव्या गाण्याआधी नानी श्वास घेते, तो ऐकायला नातवंडे थांबतात.