कासवाचे अश्रू, हॅगफिशचा चिकटा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले मादीच्या डोळ्यांतून पाणी गळतं. बघणाऱ्याचा जीव कळवळतो, पण ते रडणं नव्हे. कासवाचं रक्त समुद्राच्या पाण्यापेक्षा बरंच कमी खारट. पोटात गेलेलं जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथी बाहेर टाकतात. खोल समुद्रातल्या हॅगफिशला ही कटकटच नाही. त्याचं रक्त समुद्राइतकंच खारट. कणाधारी प्राण्यांच्या गोतावळ्यात असा तो एकटाच. (कणा म्हणायचा तो नावालाच, जबडाही नाही.) कासवाचे पूर्वज जमिनीवरून पुन्हा समुद्रात उतरले, हॅगफिशच्या पूर्वजांनी तो कधी सोडलाच नाही.

कासवाकडे पाठीची ढाल आहे, पण समुद्री कासवाला डोकं आत ओढून घेता येत नाही. हॅगफिश तर पकडणाऱ्याच्या तोंडातच क्षणार्धात बुळबुळीत चिकटा सोडतो. माशाचे कल्ले तुंबतात, तो घास ओकून पळतो. मग आपल्याच चिकट्यातून सुटायला हा स्वतःच्या अंगाची गाठ मारतो आणि ती शेपटीकडून डोक्याकडे सरकवतो! २०१७ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ट्रकमधले जिवंत हॅगफिश महामार्गावर सांडले, तेव्हा चिकटा खरवडायला बुलडोझर आणावा लागला.