अडीच फुटांखालची वायर

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या सोसायटीच्या गॅरेजचं शटर वर सारताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना झटका बसला. शटरला वीज कुणी जोडलेली नव्हती. मूठ ओली होती, जमीन ओली होती, आणि आतल्या बोर्डाकडे जाणारी एक सोललेली वायर पत्र्याच्या अँगलला टेकली होती, इतकंच. पायात रबरी चपला होत्या आणि हात लगेच सुटला, म्हणून निभावलं. त्या दिवशी संध्याकाळी कमिटीची बैठक बसली आणि गॅरेजच्या विजेचं काम माझ्याकडे आलं. पुढचे चार दिवस मी वायरमनच्या मागे मागे होते. जे पाहिलं ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण अशी गॅरेजं जोगेश्वरी पूर्वेच्या कितीतरी जुन्या सोसायट्यांत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी वीज आमच्यासारखीच आलेली आहे: पहिल्या मजल्याच्या खिडकीतून, झाडाला सुतळीने बांधून.

आमची वायर सोनचाफ्याच्या फांदीवरून जायची. दोन तारांची, पांढरी, उन्हाने पिवळी पडलेली, मध्ये काळ्या टेपचे तीन जोड. तिच्यावर एक बल्ब आणि एक एक्स्टेंशन बोर्ड चालायचा. गॅरेज बांधलं तेव्हा दोन मोटारी ठेवायला बांधलं होतं. आता तिथे सायकली आणि स्कूटर असतात, गणपतीच्या माखराचे सांगाडे असतात, एका कोपऱ्यात काकांचं सुतारकामाचं टेबल आहे. गेल्या वर्षी एका घरात बॅटरीवरची स्कूटर आली आणि तिचा चार्जरही रात्रभर त्याच बोर्डाला लागू लागला. बोर्ड सकाळी हाताला गरम लागायचा. सगळ्यांनाच ते माहीत होतं.

पहिला प्रश्न वीज कुणाच्या मीटरवरून घ्यायची हा. तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने आपल्या मीटरवरून द्यायची तयारी दाखवली होती, पण विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे ज्या जागेसाठी पुरवठा मंजूर आहे तिच्याबाहेर वीज वापरली तर तो अनधिकृत वापर धरला जातो. गॅरेज सोसायटीचं, तेव्हा जिना आणि पंप ज्यावर चालतात तो कॉमन मीटरच योग्य ठरला. आमच्याकडचे जुने लोक वीज कंपनीला अजून ‘बीएसईएस’ म्हणतात. उपनगरांना वीज द्यायला ती कंपनी १९२९ साली निघाली, मग रिलायन्स आली, २०१८ पासून अदानी आहे, पण बिल भरायला जाताना तोंडात नाव तेच येतं.

वायरमन परवानाधारक ठेकेदाराकडून आला. दिवा, पंखा, फ्यूज बदलणं वेगळं. नवी लाइन टाकायची तर परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच टाकून घ्यावी लागते. पन्नाशीचा माणूस, मूळचा राजापूरकडचा, बरोबर भाचा. पहिल्या दिवशी त्याने पक्कड पिशवीतून बाहेरही काढली नाही. मीटरच्या केबिनपासून गॅरेजपर्यंत टेप धरली, ३५ मीटर भरलं. मग गॅरेजमध्ये काय काय चालणार ते विचारून वहीत मांडलं: वीस वॉटच्या चार ट्यूब, स्कूटरचा चार्जर, ड्रिल, ग्राइंडर, हवा भरायचा छोटा पंप.

“ताई, उद्या दुसरी स्कूटर येईल?”

येईल, मी म्हटलं. दोन वर्षांत तीनही येतील.

त्यावर त्याने अडीच चौरस मिलिमीटरची वायर खोडून सहाची लिहिली. अंतर वाढलं की तारेतच दाब पडतो. जायचे ३५ आणि यायचे ३५ असे ७० मीटर तांबं धरायचं. अडीचच्या तारेत १६ अँपिअरला आठेक व्होल्ट वाटेतच जातात, सहाच्या तारेत साडेतीनच्या आसपास. आठ व्होल्टांनी ट्यूब विझणार नाही, पण तेवढी उष्णता जमिनीखालच्या तारेत रोज रात्रभर मुरत राहणार. केबल तीन कोरची, आर्मर्ड घ्यायची ठरली. तिच्यावर पोलादी तारांचं कवच असतं. उद्या कुणी नळासाठी खणताना टिकाव घातला तर आधी ते कवच लागतं.

दुसरा दिवस खणण्याचा. पेव्हर ब्लॉक उचलले, अडीच फुटांचा चर घ्यायचा होता. गेटजवळ माती होती, सोनचाफ्यापाशी मुळं लागली, आणि गॅरेजच्या दहा पावलं अलीकडे पहार खणकन वाजली. खडक. आमच्या सोसायटीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर जोगेश्वरीची लेणी आहेत, सहाव्या शतकातली. ती ज्या खडकात कोरली तोच इथे घरांखाली पसरलेला आहे, कुठे दोन फुटांवर, कुठे उघडाच. चर कसाबसा पूर्ण झाला. तळाला चाळलेली वाळू, तिच्यावर केबल, परत वाळू, आणि वर विटांची एक सलग ओळ. वीट केबलचं रक्षण करते ते फार थोडं. तिचं काम सांगण्याचं आहे. पुढे कधीतरी खणणाऱ्या मजुराला जमिनीत शिस्तीने मांडलेल्या विटा दिसल्या की त्याचा हात थांबतो.

खडकाने खरी अडचण केली ती अर्थिंगची. मीटर केबिनपाशी जुना अर्थिंगचा पाइप होता म्हणे. वायरमनने माती उकरून त्याची तार बोटांत धरली, तर गंजलेली तार भुकटी होऊन हातात आली. म्हणजे कित्येक वर्षं आमच्या अख्ख्या इमारतीच्या सॉकेटांना तिसरं भोक होतं आणि त्यामागे काहीच नव्हतं. मला त्या क्षणी काकांच्या शटरपेक्षा घराघरांतले फ्रिज आणि गिझर आठवले.

“दिवा लागायला दोन वायरी पुरतात,” तो म्हणाला. “तिसरी माणसासाठी असते. म्हणून ती कुणी बघत नाही.”

पाइप अडीच मीटरचा, जमिनीत सरळ उतरवायचा. खडक लागला तर तो तिरपा घालता येतो, लंबापासून ३० अंशांपर्यंत. तसाच घातला, केबिनपाशी एक आणि गॅरेजच्या मागच्या फुलझाडांच्या वाफ्यात दोन. मीठ-कोळसा घालायची जुनी रीत त्याने टाळली. मीठ आमच्या पावसात धुऊन जातं आणि असेपर्यंत पाइपच खातं. त्याऐवजी ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची माती भरली. मग अर्थ टेस्टर लावला. गॅरेजचा एक पाइप १४ ओहम दाखवत होता, दोन्ही जोडल्यावर आठ.

इथे मी त्याला अडवून नीट समजून घेतलं, कारण मला वाटत होतं की एमसीबी आहे म्हणजे सुरक्षित आहे. तसं नाही. समजा शटरला फेज लागला आणि जमिनीतून परतीची वाट दहा ओहमची आहे. २३० भागिले दहा, २३ अँपिअर. सोळाचा एमसीबी ताबडतोब पडायला निदान ८० अँपिअर लागतात. २३ वर तो कितीतरी मिनिटं तसाच उभा राहील, आणि तेवढा वेळ शटरमध्ये वीज असेल. एमसीबी तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो. तो गेलेला आणि परत आलेला प्रवाह तोलत बसतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो. सोसायट्यांच्या सभेत रंगाच्या डब्यांवर तासभर चर्चा होते. ह्या एका डबीवर पाच मिनिटं तरी व्हावी.

त्याने गॅरेजच्या डिस्ट्रिब्युशन बोर्डात दोन आरसीसीबी बसवले, एक दिव्यांना, एक सॉकेटांना. खर्च वाढतो, कमिटीत कुणीतरी विचारणारच होतं, म्हणून कारण विचारलं. त्याने काकांच्या टेबलाकडे बोट केलं. ग्राइंडरमध्ये लीकेज झालं आणि सगळंच एका झटक्यात बंद पडलं, तर पातं आणखी काही सेकंद फिरत राहतं आणि माणूस पूर्ण अंधारात ते हातात धरून उभा असतो. दिवे चालू राहिले पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं, स्विच वर केला आणि सॉकेटांचा आरसीसीबी पडला. परत वर, परत खाली. वायरमनने अर्धा तास एकेक पॉइंट सोडवला. भाच्याने एका ट्यूबचा न्यूट्रल चुकून सॉकेटांच्या न्यूट्रल पट्टीत घातला होता. दिव्यातून आलेला प्रवाह दुसऱ्याच वाटेने परतत होता आणि डबीचा हिशेब जुळत नव्हता. मामा रागावला नाही. त्याने पोराच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि दोन्ही पट्ट्या पहिल्यापासून परत बांधायला लावल्या, प्रत्येक तारेवर खूण घालून.

सॉकेट साडेचार फुटांवर घेतले. गॅरेजच्या भिंतीवर २६ जुलै २००५ च्या पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते, आणि सॉकेटमध्ये ठिणगी पडतेच. शेवटी शटरची चौकट आणि पत्र्याचे अँगल हिरव्या वायरने अर्थच्या पट्टीला जोडले.

चौथ्या दिवशी फक्त तपासणी. आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं आणि लगेच बजावलं, की बटणाने डबी चालते एवढंच कळतं, जमिनीतला पाइप शाबूत आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी दरवर्षी पावसाळ्याआधी टेस्टर लावायचा. खिडकीतली जुनी वायर सोनचाफ्यावरून उतरवली तेव्हा फांदीवर सुतळीचा खोल वळ उमटलेला होता. काकांनी शटर तीनदा वर-खाली केलं, तिसऱ्यांदा अनवाणी.

निघताना वायरमनने वाफ्यातल्या पाइपांवरची झाकणं उघडून बादलीभर पाणी ओतलं. “पावसात बघायला नको. एप्रिल-मेमध्ये मात्र आठवड्याला एक बादली. खडक सुकला की अर्थिंग सुकतं.”

काकांनी बादली मागून घेतली. आता ती गॅरेजच्या आत, डाव्या हाताला, खिळ्याला टांगलेली असते.