दोन चाकांमधले अंतर

दिवाळीच्या सुट्टीत नातू मांजरसुंब्याला आला, तो काखेत एक मोठे खोके घेऊनच. खोक्यात रिमोटवर पळणारी मोटार होती. आमच्या लहानपणी ज्वारीच्या धांडाची बैलगाडी करायची आणि सुतळी बांधून गावभर ओढायची, एवढाच आमचा वाहनउद्योग. त्यामुळे त्या मोटारीचे मलाही नातवाइतकेच अप्रूप वाटले.

पहिल्या दिवशी अंगणातल्या मातीवर ती छान पळाली. ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर आणली आणि जोरात वळवली, की मात्र सरळ उताणी पडे. नातवाने खोक्यातली जादा चाके काढली. मऊ रबराची, चांगली रुंद. मला वाटले, आता प्रश्न मिटला. पण गाडी पूर्वीपेक्षा लवकर उलटू लागली! शेवटी त्याने चाकांच्या मागे छोट्या चकत्या बसवल्या आणि चारही चाके पाच-पाच मिलिमीटर बाहेर काढली. आता गाडी उलटेना. फक्त वळताना थोडी आळस करू लागली.

तेव्हा ध्यानात आले, की ‘रुंद चाके’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. एक टायरची रुंदी आणि दुसरी डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. घाटातून उतरणाऱ्या एसटीत उभे राहायची वेळ आली, तर आपण काय करतो? पाय फाकवून उभे राहतो. मोठ्या मापाचे जोडे घातल्याने तोल सावरत नाही. रुंद टायर म्हणजे मोठे जोडे. चाकांमधले अंतर म्हणजे फाकवलेले पाय.

मातीवर गाडी का उलटत नव्हती, तेही यातच आले. तिथे चाके घसरत होती आणि वळणाचा रेटा घसरण्यात निघून जात होता. फरशीवर मऊ, रुंद टायरने घट्ट पकड घेतली. घसरायची सोय उरली नाही, म्हणून गाडी कलंडली. पकड वाढली, पण पाय होते तिथेच राहिले.

चाके बाहेर काढण्याचीही किंमत असते. पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिच्यापासून ते दूर गेले, की लहानसा खडाही त्याला जोराचा हिसका देतो आणि चाक वळवणारी इवलीशी मोटर कण्हू लागते. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रिमोटची मोटार, एक पोर्शे, बाजारात आणली. आज या गाड्यांच्या शर्यती लावणारे लोक पुढच्या आणि मागच्या चाकांचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून जुळवतात. स्थैर्य हवे तर चपळाई थोडी सोडावी लागते.

आपल्या बैलगाडीला हे अंतर रस्ता ठरवून देत असे. लाकडी चाकाची लोखंडी धाव अरुंद; ती मातीत रुते आणि चाकोरी पडे. नव्या गाडीची चाके त्या चाकोरीत बसलीच पाहिजेत, नाहीतर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे वरंब्यावर. ‘चाकोरीबाहेर’ जाणे का अवघड, हे गाडीवानाला कुणी समजावून सांगावे लागत नसे. अरुंद चाकांनी रस्ते उखडतात म्हणून इंग्लंडमध्ये १७५३ साली जड गाड्यांना नऊ इंच रुंदीची चाके लावण्याचा कायदाच झाला होता. आपल्याकडे रबरी टायरची गाडी आली आणि बैलांचे ओढणे हलके झाले. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी, बैलांचे हाल थांबावेत म्हणून वर्षानुवर्षे आग्रह धरला. पण ओढणे हलके झाले, की भार वाढवायचा मोह होतो.

हा मोह मी टेबलाच्या पलीकडून पाहिला आहे. बँकेत असताना मी कितीतरी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची कर्जे मंजूर केली. सातबारा पाहिला, जामीनदार पाहिला, विमा पाहिला. माल किती उंच भरणार, हे एकदाही विचारले नाही. एका कर्जदाराने ट्रॉलीला रुंद टायर बसवले आणि ‘आता गाडी हलत नाही साहेब’ म्हणत बाजूच्या फळ्या वाढवल्या. त्याच हंगामात ती ट्रॉली एका वळणावर उलटली. उसावर बसलेल्या बाईचा पाय कायमचा अधू झाला. माझ्या फाइलीत त्याची नोंद ‘विमा दावा’ एवढीच आहे.

नातवाच्या गाडीने मला तो हिशेब पुन्हा मांडायला लावला. समजा, ट्रॉलीच्या चाकांमधले अंतर दीड मीटर आहे आणि भरलेल्या उसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून पावणेदोन मीटरवर आहे. अशी ट्रॉली साधारण २३ अंश कलली की उलटते. दोन्ही चाके दहा-दहा सेंटिमीटर बाहेर काढली, तर ही मर्यादा २६ अंशांवर जाते. तीन अंशांची कमाई. पण त्या भरवशावर मोळ्यांचा थर अर्धा मीटर चढवला, तर गुरुत्वमध्य पाव मीटरने वर जातो आणि आपण पुन्हा २३ अंशांवर येतो. कमाई तर गेलीच, वर ओझे मात्र वाढले. त्यात वेग दुप्पट झाला, की वळणावरचा रेटा चौपट होतो.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या चौकातून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या जातात. ट्रॉलीत भांडीकुंडी, खोपीचे सामान, सरपण, आणि या सगळ्याच्या वर बाया आणि लेकरे. सर्वांत उंच जागी माणसे, म्हणजे गाडी कलंडली तर सर्वांत लांब फेकली जाणारीही तीच. मुकादमाची उचल घेतलेली माणसे कुठे बसायचे ते ठरवत नाहीत. ते ठरवणारे दुसरेच असतात. माझ्यासारखे, सही करणारेही त्यांतच आले.

परवा नातवाने मोटारीवर बिस्किटांचा उभा डबा बांधला आणि त्यावर प्लास्टिकची दोन माणसे बसवली. पहिल्याच वळणावर सगळे आडवे झाले.

‘‘आजोबा, चाकं अजून बाहेर काढू का?’’ त्याने विचारले.

‘‘नको,’’ मी म्हणालो. ‘‘आधी माणसं खाली उतरव.’’