परसातील फळझाडे : काढणी आणि कमाई

माघ सरून फाल्गुन लागला, की नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावोगावी परसातल्या, आडावरच्या आणि बांधावरच्या चिंचेखाली टरफलांचा सडा पडू लागतो. या झाडांना सहसा कोणी खत घालीत नाही, पाणीही देत नाही. परंतु पावसाने दगा दिला आणि खरीप हातचा गेला, की वर्षाचा तेल-मिठाचा खर्च पुष्कळदा याच झाडांवर निघतो. ज्या लातूर शहरास २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या परिसरात पाटपाण्यावाचून फळणाऱ्या वृक्षाचे मोल निराळे सांगावयास नको. निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेस २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, तेव्हा गावाच्या नावातच असलेल्या या झाडाची राजदरबारी नोंद झाली, एवढेच.

झाड फळते, पण कमाई घरी येतेच असे नाही. बहर पाहून झाडे उक्ती विकण्याची रीत सर्वत्र आहे. पैशांची निकड असलेले कुटुंब बुटके हिरवी असतानाच व्यापाऱ्याशी सौदा करते. पुढे उत्पन्न वाढले तरी त्याचा लाभ मालकास होत नाही. शिवाय एका हंगामापुरताच संबंध असलेला मनुष्य झाड लवकर मोकळे करण्याच्या घाईत लांब काठीने फांद्या बडवितो. कोवळे शेंडे त्यात मोडतात आणि पुढील वर्षीचा फुलोरा त्या प्रमाणात घटतो. पिकलेले बुटुक बोटाने दाबल्यास टरफल सहज तडकते, आतील गर आक्रसून टरफलापासून सुटलेला असतो आणि हलविल्यास पोकळ आवाज येतो. या अवस्थेत फांदी नुसती हलविली तरी पुरे होते. खाली जुनी लुगडी वा ताडपत्री अंथरली, तर मातीही लागत नाही. गाभुळलेली चिंच मुलांच्या जिभेला कितीही गोड लागो, साठवणीस ती उपयोगी नाही. ओलाव्यामुळे तिला बुरशी धरते.

उंच झाडावर चढणाऱ्याने कमरेला दोर बांधावा आणि विजेच्या तारा जवळ असतील तेथे लोखंडी आकडीचा उपयोग मुळीच करू नये. हे सर्वांस ठाऊक असते. विसर पडतो तो घाईच्या दिवशी.

अखंड चिंचेच्या वजनात गर साधारणपणे तीस ते पन्नास टक्के भरतो, चिंचोके पंचवीस ते चाळीस टक्के. उरलेले टरफल व शिरा. अखंड माल विकणारे कुटुंब फोडणीची मजुरी आणि चिंचोक्याचे दाम अशा दोन्ही गोष्टी गमावते. चिंचोक्याच्या पिठाची खळ कापड व ताग यांच्या गिरण्यांत सुताला देतात, त्यामुळे त्यालाही बाजार आहे. फोडण्याचे काम बहुतांशी स्त्रियाच करतात. दुपारच्या सावलीत ओसरीवर बसून फोडलेल्या चिंचेचा पैसा त्यांच्याच हाती यावा, हे न्यायाचे होईल. फोडलेला गर दोन-तीन उन्हे देऊन, मीठ लावून, हवा न लागेल असा दाबून ठेवावा. उष्णतेने व दमट हवेने तो काळा पडतो आणि काळ्या मालाचा भाव उतरतो.

आंब्याची गोष्ट वेगळी. फळाचे खांदे देठाच्या वर आले आणि एखाद-दुसरा पाड पडू लागला, की गावरान आंबा उतरावयास योग्य समजावा. पाण्यात टाकलेले फळ बुडाले तर ते तयार झाले, ही जुन्या लोकांची परीक्षाही शास्त्राच्या कसोटीस उतरलेली आहे. फळे झेल्याने व थोडा देठ राखूनच काढावीत. देठ तुटल्यास चीक सालीवर ओघळतो, डाग पडतात आणि तेथूनच फळ सडू लागते. पुढे गवताची अढी आहेच. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे. घरच्या आंब्यास त्याची गरजही नसते.

सीताफळाचे डोळे उघडून मधल्या खाचा पिवळसर झाल्या, की ते उतरावे. त्याआधी तोडलेले फळ पिकत नाही, दगडासारखे राहते.

किनवट-माहूरच्या बाजूस परसाची हद्द कोठे संपते आणि रान कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. तेथे बिब्बा आणि चारोळी ही खरी कमाईची झाडे. बिब्ब्याच्या कवचातील तेल कातडीस लागताच फोड येतात. गोडंबी काढणाऱ्या स्त्रिया हातांना तेल व राख लावून बसतात, तरीही त्यांचे हात भाजलेले दिसतात. गोडंबीचा भाव ठरविताना हे हात कोणी मोजीत नाही. चारोळीचे दुखणे निराळे आहे. ‘आपण नाही तोडले तर दुसरा तोडील’ या धास्तीने फळे कच्चीच ओरबाडली जातात, क्वचित फांद्याच छाटल्या जातात. चैत्र-वैशाखात काळसर होईपर्यंत थांबले, तर दाणा भरतो. कच्च्या फळातील दाणा बारीक राहतो आणि विक्रेता तोट्यात जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकीहक्क पात्र वनवासीयांस दिलेला आहे. तेव्हा चारोळीची तोड कोणत्या दिवसापासून करावयाची, हे ग्रामसभेनेच बसून ठरविले आणि दवंडी देऊन सर्वांस कळविले, तर एकट्यादुकट्याची धास्ती उरत नाही. गायरानातील चिंचांचा लिलाव करणाऱ्या ग्रामपंचायतींनाही काठीने न झोडपण्याची अट लिलावाच्या कागदात घालता येईल.