पुंगळीची साक्ष

पुण्याच्या सदाशिव पेठेला ज्यांचं नाव मिळालं, ते सदाशिवरावभाऊ 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर पडले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा त्यांच्या फौजेचा मोठा आधार होत्या. त्या तोफांच्या पोटात दारू पेटली की दाब किती चढतो, हे तेव्हा जगात कुणालाच मोजता येत नव्हतं, फक्त अंदाज बांधले जात. पुढे 1860 च्या दशकात अँड्र्यू नोबल यांनी तांब्याचा इवलासा दंडगोल त्या आगीच्या तोंडी दिला आणि तो किती चेपला, यावरून दाब काढला.

आज मुठा ओलांडून खडकीला गेलं, की 1869 पासून चालणारा काडतुसांचा कारखाना आहे. काडतूस झडतं तेव्हा 7.62 मिलिमीटरच्या रायफलीत दाब वातावरणाच्या सुमारे चार हजार पट होतो. घरचा कुकर शिट्टी देतो तो एका जादा वातावरणावर! शिवाय दारूचा स्वभाव असा, की दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि त्याने दाब आणखी वाढतो. म्हणूनच हाताने काडतूस भरताना गोळी किंचित खोल बसली किंवा पुंगळी (काडतुसाचं कवच) थोड्या जाड पितळेची निघाली, तरी हिशेब बिघडतो. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, परदेशात मात्र अनेक नेमबाज स्वतःची काडतुसं स्वतः भरतात.)

अशा नेमबाजांजवळ दाबमापक क्वचितच असतो. असते ती रिकामी पुंगळी, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. बार उडताच ती फुगून चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीला, चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि क्षणात आक्रसून सुटी होते. पण त्या क्षणी चेंबरचं पोलादही ताणलं जातं! दाब मर्यादेबाहेर गेला, तर पितळ कायमचं फुगतं, पोलाद मात्र मूळ मापाला परततं आणि पुंगळीला आवळून धरतं. चेंबर बंद करणारा बोल्ट उचलायला जड जातो तो यामुळे. बुडावर पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरच्या भोकाचा चकचकीत ठसा उमटतो, दारू पेटवणाऱ्या टोपीची गोलसर कड सपाट होते, टोपीचं घर सैलावतं. सेकंदाच्या हजाराव्या भागात घडलेलं सगळं धातूवर लिहिलेलं सापडतं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मात्र ही साक्ष उशिरा मिळते. पितळ हार मानतं तेव्हा मर्यादा आधीच ओलांडलेली असते. एकट्या सपाट टोपीवर विसंबणंही चूक, कारण चेंबरमध्ये पुंगळीला मागेपुढे जागा जास्त असली तरी ती सपाट होते. म्हणून जाणकार गोळीचा वेगही मोजतात. तेवढ्याच दारूत वेग अपेक्षेपेक्षा जास्त आला, तर तो बहुधा जादा दाबातूनच आलेला असतो.

उन्हाचाही यात हात असतो. तापलेली दारू जास्त दाब देते. थंड विलायतेत नीट चालणारी कॉर्डाइट या दारूची काडतुसं हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात चेंबरमध्ये अडकत. लंडनच्या रिग्बी कंपनीने 1911 साली .416 चं काडतूस काढताना पुंगळी मोठी ठेवली ती याचसाठी. आत जागा जास्त, म्हणून दाब कमी. पुण्यातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ठेवलेलं काडतूस जानेवारीतल्यासारखं वागेल, असं धरून चालता येत नाही. बोल्ट एकदा जरी अडला, तर तिथेच थांबायचं. त्या खेपेची उरलेली काडतुसं झाडायची नाहीत, गोळ्या उपसून दारू बाहेर काढायची आणि मोजमाप पहिल्यापासून तपासायचं.