मराठी मजकूर, तीन बाइट आणि प्रश्नचिन्हं

ब्लॉग एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवला जातो, काम सुरळीत पार पडल्याचा संदेश येतो आणि पान उघडून बघावं तर मराठीच्या जागी भलतंच काहीतरी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्या पुढे चारी बाजूंना टोकं फुटलेलं एक वर्तुळ, मग गोलात बसवलेला आर. लेखामागून लेख हाच प्रकार. कोणी व्हायरस शिरला म्हणून घाबरतं, कोणी होस्टिंगवाल्याला फोन लावतं. काही जणांच्या वाट्याला निराळंच दृश्य येतं: पानभर नुसती प्रश्नचिन्हं. दिसायला पहिला प्रकार जास्त भयंकर, पण त्यात मजकूर जिवंत असतो. प्रश्नचिन्हं दिसली तर बहुतेक वेळा तो गेलेला असतो.

ब्लॉग चालवण्याची उपयुक्त साधनं म्हणून ज्या याद्या फिरतात त्यांत देखण्या थीम असतात, वाचकसंख्येचे आलेख असतात, शोधयंत्रात वर येण्याच्या युक्त्या असतात. त्या कामाच्या आहेतच. पण त्या याद्या इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी केलेल्या. मजकूर मुळात साठवला कसा जातो हे बघायची पाळी त्यांच्यावर सहसा येत नाही. आपल्यावर येते.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या अक्षराचा कुठला आकडा हे ठरवणाऱ्या युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा एक पट्टा मिळाला. तो २३०४ या क्रमांकापासून सुरू होतो. ‘म’चा क्रमांक २३५०. हे क्रमांक साठवण्याची आज सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर तिचा आराखडा मांडला. तत्त्व साधं आहे: क्रमांक लहान असेल तर कमी बाइट, मोठा असेल तर जास्त. इंग्रजी अक्षरं एका बाइटात मावतात. २०४७ पर्यंतच्या क्रमांकांना दोन पुरतात. ग्रीक, रशियन, अरबी त्यात बसल्या. देवनागरीचा पट्टा त्या हद्दीच्या थोडा पलीकडे पडला, त्यामुळे आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, उकार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. ‘मी’ लिहिलं की सहा बाइट झाले.

‘म’चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १७४ हे आकडे. द्विमान पद्धतीत पहिल्याची सुरुवात १११० अशी होते. त्यावरून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला कळतं की हे तीन एकत्र वाचायचे आहेत. मागच्या दोघांची सुरुवात १० अशी, म्हणजे हे स्वतंत्र नव्हेत. आता हेच बाइट लॅटिन-१ या जुन्या पश्चिम युरोपीय यादीनुसार वाचले, तर तिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर. २२४ला तो रेघवाला ए, १६४ला ते टोकंवालं वर्तुळ, म्हणजे चलनाचं चिन्ह, १७४ला गोलातला आर. बाइट जागच्या जागी आहेत, फक्त चुकीची यादी हातात धरून वाचन चाललं आहे. यादी बदलली की मराठी परत येते.

प्रश्नचिन्हांची गोष्ट वेगळी. ज्या यादीत ‘म’ नाहीच तिच्यात तो बसवायला सांगितलं, की प्रोग्रॅम त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो, क्रमांक ६३. वेलांटीच्या जागीही तेच. म्हणजे ‘मी’ची दोन प्रश्नचिन्हं आणि ‘तू’चीही दोनच. ती एकदा साठवली गेली, की मूळ काय होतं हे कुठल्याही साधनाला ओळखता येणार नाही. म्हणून गोंधळलेलं पान दिसल्यावर संपादनाच्या खिडकीत जाऊन ‘जतन करा’ दाबू नये. आधी जुनी प्रत शोधावी.

हा घोळ होतो तो बहुधा डेटाबेसमध्ये. ब्लॉग चालवणारं वर्डप्रेस ज्या डेटाबेसवर चालतं ते मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्मलं. कितीतरी वर्षं त्यातल्या नव्या तक्त्याला आपोआप लॅटिन-१ ही यादी आणि स्वीडिश अकारविल्हे मिळत असे. कोकणातल्या आठवणी नि विदर्भातल्या कविता स्वीडिश वर्णक्रमाच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं नांदल्या, आणि कोणाला पत्ता लागला नाही, कारण चुकीचं साठवून तसंच उलट वाचलं की दिसतं बरोबर. सर्व्हर बदलला की बिंग फुटतं. २०१८च्या आठव्या आवृत्तीपासून ही सवय सुटली. त्याआधी यूटीएफ-८ निवडलं तरी एक मेख होती. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाने जे मिळत होतं त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट. मराठी मावली, पण इमोजीला चार लागतात. सर्व्हरचे नियम सैल ठेवलेले असले तर पहिल्या हसऱ्या चेहऱ्यापाशी लेख कापला जाई आणि पुढचा मजकूर गायब. वर्डप्रेसने २०१५च्या ४.२ आवृत्तीत चार बाइटवाला प्रकार, ‘यूटीएफ-८-एमबी-४’, स्वीकारला. जुन्या ब्लॉगचा तक्ता या प्रकारात आहे ना, एवढं पीएचपी-मायअ‍ॅडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनात एकदा बघून घ्यावं.

पत्त्याच्या बाबतीतही तीन बाइट महागात पडतात. वेबपत्त्यात मराठी थेट जात नाही; प्रत्येक बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं लिहावी लागतात. एका मराठी चिन्हाच्या नऊ जागा झाल्या. लेखाच्या पत्त्यासाठी वर्डप्रेस २०० जागा देतं. ‘पावसाळ्यातल्या रानभाज्या’ असं शीर्षक द्या. पहिल्या शब्दात १४ चिन्हं, दुसऱ्यात ९, मधे एक आडवी रेघ, बेरीज २०८. पत्ता तयार होतो ‘पावसाळ्यातल्या-रानभाज्य’. शेवटचा काना गळून पडतो! इंग्रजी लेखकाला तेवढ्याच जागेत अख्खं वाक्य लिहिता येतं. लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने आखूड करणं हा त्यावरचा साधा उपाय.

शोधखिडकीचं दुखणं मात्र जास्त चिवट आहे. ‘दुसऱ्या’तला तो कोयतीसारखा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत आकडे वेगळे. ‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली, तोवर ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवलं जात होतं, आणि कित्येक कळफलक अजूनही तेच करतात. अक्षरशः जुळवणी करणाऱ्या शोधाला ही दोन वेगळी रूपं वाटतात, त्यामुळे स्वतःचाच लेख स्वतःला सापडत नाही. शब्दलेखन तपासणारी साधनंही इथे अडखळतात. डेटाबेसमध्ये ‘शोधा आणि बदला’ करणारं प्लगइन घेऊन सगळीकडे एकच रूप करून टाकणं शक्य आहे, अर्थात बॅकअप घेतल्यावरच.

बॅकअपवरून आठवलं. वर्डप्रेसमधून ‘निर्यात’ केल्यावर जी फाइल मिळते तिच्यात लेख असतात, प्रतिक्रिया असतात, पण छायाचित्रं नसतात. असतात ते फक्त त्यांचे पत्ते. मूळ जागा बंद पडली की ते पत्ते पोकळ. छायाचित्रांचा फोल्डर वेगळा उतरवून घ्यावा लागतो. आणि बॅकअप कधीतरी दुसऱ्या संगणकावर उघडून बघितलेला नसेल, तर तो बॅकअप आहे असं मी तरी मानत नाही.

आपलं घर नीट ठेवलं तरी आपण दुवे दिलेली शेजारची पानं मरतात. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दशकभराने सापडत नव्हती. तुटलेले दुवे शोधणारी साधनं प्रत्येक पत्त्यावर विनंती पाठवतात आणि ४०४ असं उत्तर आलं की खूण करतात. पण पान गेलेलं असून ‘क्षमस्व’ म्हणत २०० हा सगळं ठीक असल्याचा आकडा देणारी संकेतस्थळं कमी नाहीत. ती हाताने तपासावी लागतात. दुवा देतानाच ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून घेतलं तर पुढचा त्रास वाचतो. ही संस्था १९९६ पासून वेबपानं जमवते आहे. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज ही वैयक्तिक संकेतस्थळांची सेवा बंद केली तेव्हा तिच्यावरची पुष्कळ पानं या संस्थेच्या संग्रहात आणि स्वयंसेवकांकडे उरली.

युनिकोड रुळण्याआधीची मराठी पानंही त्या संग्रहात आहेत. त्या काळात अनेक संकेतस्थळं स्वतःचा फॉन्ट वापरत: आत साठवलेली इंग्रजी अक्षरं, आणि फॉन्टमध्ये त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढलेले. फॉन्ट नसला की दिसतात निरर्थक रोमन अक्षरं, आणि शोधयंत्रही तेवढंच बघतं. तिथे एकही बाइट बिघडलेला नाही, पण कुठलं अक्षर म्हणजे कुठला तुकडा हे फक्त त्या फॉन्टच्या फाइलला ठाऊक. रूपांतर करणारी साधनं अशाच तक्त्यांवर चालतात, दर फॉन्टला वेगळा तक्ता. कोणाच्या जुन्या हार्ड डिस्कवर त्या काळातल्या फॉन्टच्या टीटीएफ फाइल पडून असतील, तर जागा मोकळी करताना त्या तेवढ्या पुसू नयेत.